मागची खिडकी

एप्रिल उतरणीला लागला की माझ्या दुकानात
कूलरच्या पत्र्याशिवाय दुसरं काही वाजत नाही.
त्यातच सुबोध लांजेवारनं गाडी आणून उभी केली,
बॉनेट उघडं, तोंड उतरलेलं.

"ताई, नागपूरच्या भंगारातून मोठा इंटरकूलर आणला,
आधीच्याहून दुप्पट. कुमरे मिस्त्रीनं बसवून देला.
तरी गिरडच्या चढावर भर दुपारी गाडी दम टाकते.
टर्बो शिट्टी मारते नुसता, ओढत काही नाही."
कुमरेचं म्हणणं, मग ह्याहून मोठा घे.

मी गाड्यांची बाई नाही, पत्र्याची आहे.
पण गुडघे टेकून बंपरातून डोकावले तर
त्या चकचकीत जाळीसमोर हॉर्नची जोडी,
नंबरप्लेट, आणि एक सुकलेली लिंबू-मिरची.
दोन्ही बाजूंना चार-चार बोटांच्या फटी.

वारा काही येडा नाही.
दाट जाळीत अंग घासत कशाला जाईल तो,
फटीतून सटकेल,
लग्नात आहेराच्या टेबलाला वळसा घालून
थेट पंगतीत बसणाऱ्यांसारखा.

भाचीच्या अर्धवट स्वेटरची लाल लोकर तोडली,
बोट-बोटभर धागे चिकटवले जाळीभर, फटीभर,
आणि कुमरेच्या मोटरसायकलवर मी उलटी बसले.
पुढं आम्ही, मागून सुबोधची गाडी,
समुद्रपूरच्या रस्त्याला कापूस वेचून झालेल्या शेतांतून
बाया हात कपाळाला लावून बघत होत्या.
फटींतले धागे ताठ, सुसाट.
जाळीवरचे लोळत पडलेले.

नंबरप्लेट खाली गेली, हॉर्न बाजूला,
लिंबू-मिरची आरशाला.
बावीस गेजच्या पत्र्याचं चौकोनी नरसाळं केलं
बंपरच्या तोंडापासून जाळीच्या काठापर्यंत,
काठाला जुन्या गादीचा फोम ठासून.
अंगठा कापला. हळद लावली, पुन्हा उलटी बसले.
धागे हलले आता,
पण मन नसल्यासारखे.

गेली अकरा वर्षं घरोघरी कूलर बसवताना
मी एकच सांगत आले, मागची खिडकी उघडा.
आत यायला हवेला बाहेर जाता आलं पाहिजे.
कोणी ऐकत नाही. धूळ येते, मांजर येते,
जेठाणीला आतलं दिसते.
आणि मग मलाच, "कूलर बेकार देला."

तेच आठवून गाडीखाली शिरले.
इंजिनाखाली आधीच्या मालकानं जाड पत्रा ठोकलेला,
त्यावर काळ्या मातीचा थर वीतभर,
बंद खोलीच.
पत्रा कापला. कडेला पट्टी खाली वाकवली, ओठासारखी:
धावताना तिच्यामागं पोकळी होते,
आणि पोकळी ओढून घेते, मागावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन, पारा शेचाळीस.
कुमरेनं पाइपात बसवलेला सेन्सर
चढावर आधी अठ्ठ्याण्णव दाखवायचा,
आता चौसष्टवर थांबला.
"थंडगार झाली ना ताई!" सुबोध खिडकीतून ओरडला.

थंड कसलं. तोच वारा होता,
माझे कान भाजणारा, ओठ फोडणारा.
पण टर्बोच्या पोटातून सव्वाशेनं तापून आलेल्या हवेला
हा शेचाळीसचा वाराही
माठाजवळच्या सावलीसारखा लागला असेल.
त्याचं त्याला कुठं माहीत.

कुमरे बराच वेळ नरसाळ्यावर टिचक्या मारत बसला,
मी त्यात काहीतरी लपवलंय असं समजून.
सुबोधनं चारशे दिले, उरलेले हंगामावर ठेवले.
बंपरच्या डाव्या कोपऱ्यात एक लाल धागा राहून गेला होता,
वळणापर्यंत तो आडवा, ताठ दिसत होता.

तेवढ्यात फोन. "ताई, कूलर हवाच देऊन नाही राह्यला."
मी विचारलं, मागची खिडकी?
"तिच्यासमोर आलमारी हाय."