दुहेरी शिवण

इचलकरंजीत समुद्र नाही.
पंचगंगा आहे, तिचा रंग कारखाने ठरवतात,
आणि रात्रभर मागांचा खडखडाट,
ज्याच्यावाचून मला माहेरी गेलं की झोप लागत नाही.

यड्रावच्या शेडमध्ये मी पिशव्या शिवते.
पिशवी म्हणजे बाजाराची नव्हे.
वीस मीटर लांब, फुगवून आत उभी राहिले
तर डोक्याला कापड लागायचं नाही.
सहा जणी कडेनं धरून सरकवतात,
मधे मी आणि दोन सुयांचं मशीन.
मगदूम सुपरवायझर दर तासाला तेच सांगतात:
टाका सुटला, वाळू सुटली. वाळू सुटली, बिल सुटलं.

कशाला लागतात हो, असं शकिलानं विचारलं
तेव्हा तांडेल मॅडमनी डब्याच्या झाकणात पाणी ओतलं,
भाकरीचा तुकडा त्यात बुडवला आणि फुंकर मारली.
बघा, लाट इथं आतच अडखळते, फुटते,
काठाला पोचते ती दमलेली.
वाळू ओढून न्यायला तिच्यात जोर उरत नाही.
आणि नीट रचल्या पिशव्या, तर फुटताना
एका अंगानं उलगडत जाते,
पोरं फळीवर उभी राहून तिच्यावरून घसरतात.
म्हणजे घसरगुंडी शिवतोय म्हणा की, शकिला म्हणाली.

गावाचं नाव करंजवेळ. गगनबावड्याच्या पलीकडं,
घाट उतरून अजून बरंच खाली.
मी मोबाइलवर पाहिलंय तेवढंच:
सुरूची झाडं मुळं वर करून पडलेली,
स्मशानाचं शेड अर्धं लोंबतंय,
आणि एक बाई पायरीवर बसून
पुढची पायरी कुठं गेली ते बघतेय.

शेवटच्या टाक्यात मी हातभर लाल दोरा घालते.
दर पिशवीला.
मगदूमना ठाऊक आहे. बोलत नाहीत.

दीड वर्षानं एक पिशवी तपासणीला परत आली.
टेंपोचा फाळका उघडला आणि शेडभर वास,
खारट, कुजका, ओल्या लोखंडासारखा.
कापडाला कालवं चिकटलेली,
घडीत एक खेकडा, वाळून टिकलीएवढा.
कुणाच्या तरी होडीच्या नांगरानं
मधोमध हातभर चीर पाडलेली.
शिवण जशीच्या तशी.

लाल दोरा नव्हता. शकिलाची होती ती.
ती काहीच बोलली नाही.
अंगठ्यानं टाके चाचपत टोकापर्यंत गेली,
कालवानं बोट कापलं तरी थांबली नाही.

मॅडम या खेपेला कमी बोलल्या.
करंजवेळला वाळू धरलीय,
होड्या पुन्हा वर ओढता येतात.
फक्त दक्षिणेची पाजवाडी आता खचतेय.
वाळू किनाऱ्यानं चालत असते म्हणे,
एका दारात थांबवली
की पुढच्या दारात पोचत नाही.

आम्ही सगळ्या गप्प.
महापुरात रस्त्याच्या भरावानं पाणी तुंबलं होतं.
रस्ता कोरडा राहिला,
त्याचे फोटो पेपरात आले,
आणि शिरोळकडं माझ्या आत्याच्या चुलीत
चिखलाखाली मासे सापडले.
हे मॅडमना सांगावं असं वाटलं. सांगितलं नाही.

नवी ऑर्डर पाजवाडीची. चाळीस पिशव्या.
मग पाजवाडीच्या पुढं कोण राहतं,
शकिलानं विचारलं, बोटाला चिंधी गुंडाळत.
मॅडम झाकणातल्या पाण्याकडं बघत राहिल्या,
त्यात आज भाकरी नव्हती.
मगदूम म्हणाले, बॉबिन बदला.

एक शिंपलं मी डब्यातून घरी आणलं.
पोरानं कानाला लावलं.
चपटं कालवाचं शिंपलं, त्यात काय वाजणार,
पण तो डोळे मिटून म्हणाला, येतोय, आवाज येतोय.
येतच होता.
खिडकी उघडी होती, समोरच्या गल्लीत
रात्रपाळीचे माग सुरू झाले होते.