भाग चौदावा

महापेचा स्टुडिओ, काचेच्या अलीकडे मी.
पडद्यावर जांभळ्या नाकाचा बाप
सोफ्यावरून पडतो, आणि पडता पडता
कुणा नटाची नक्कल करतो.
तिकडे म्हणे लोक हसून लोळले.
मी तो नट पाहिलेला नाही.
माझ्याकडे अडीच सेकंद आहेत;
ओठ चारदा मिटतात, शेवटी आ वासतो.

मेल्विन म्हणतो, आपल्याकडचा एखादा खलनायक टाक.
टाकून बघितला.
पण तो दर भागात कुणीतरी टाकतंच,
पोह्यांवर खोबरं टाकावं तसा.

मग नाना आठवले.
वाशीचं कांदा-बटाटा मार्केट, पाठीवर गोणपाट,
आणि दुपारच्या सुट्टीत
सगळ्या हिरोंच्या नकला, एकाच आवाजात.
कोणाची चाललीय, ते आधी सांगावं लागायचं.
शेवटी मात्र हमखास स्वतःचंच वाक्य,
काट्यावर बोट ठेवणाऱ्या व्यापाऱ्याकडे बघत :
“माप बघा, मग बोला!”

बोटांवर मोजलं.
म. मग प आणि ब, एकाच मिटण्यात. पुन्हा म. पुन्हा ब.
आणि लांबलचक आ.
परदेशातल्या त्या चित्रकाराने
नानांना समोर बसवूनच तोंड रंगवलं असावं.

चॅनलच्या तक्त्यात त्या ओळीपुढे लाल शेरा :
संदर्भ लागत नाही. ठेवा, ओठ जुळतात.

रविवारी भाग लागला.
नेरूळहून सुदामचा फोन.
बराच वेळ नुसतं नाक ओढणं,
मागे कुकरची शिट्टी,
मग म्हणाला,
“नानांची हमाली लावलीस का बिलात?”