खालची पट्टी

एका बातमीचे अडीचशे. लागली तर.
नाही लागली तर पेट्रोल माझं.
मी देवराव खंडाते, चॅनेलचा तालुक्यातला माणूस.
माईकवरचा ठोकळा त्यांचा, मोटरसायकल हप्त्यावर.

आमच्या पिंपळदरीच्या नाल्यावर तीन पूल आहेत.
पहिला बावीस लाखांचा,
दुसरा पहिल्याच्या दुरुस्तीचा,
तिसरा त्या दोघांकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा.
फायलीत तिन्ही मजबूत.
एकाचं तर उद्घाटनही झालं,
मांडव अलीकडच्या काठावर,
कारण पलीकडे जायला पूल नव्हता.
आलू-वांग्याची भाजी होती, बुंदी होती.
उपअभियंता साहेब पत्रावळीवरून उठले,
हात पुसत म्हणाले, "नव्वद टक्के झालंय, समजा."
समजलो.

जुलैत मी फुटेज पाठवलं:
कंबरभर गढूळ पाणी, डोक्यावर दप्तर, हातात चपला,
पुढे सातवीतली रविना टेकाम,
तिच्या पाठीवर तिचा भाऊ,
भावाच्या हातात खिचडीची रिकामी ताटली.
डेस्कवरून फोन आला.
"व्हिज्युअल छान आहे. कोणी वाहून गेलं का?"
नाही म्हटलं.
"बरं. गेलं तर लगेच कळव, पहिलं आपल्याकडे."
मी हे रविनाच्या मायला सांगितलं.
ती शेण थापत होती. वर न पाहता बोलली,
"मंग थांबा भाऊ जराक. यंदा पानीच कमी हाय."

सप्टेंबरात टिपेश्वरच्या बाजूच्या रिसॉर्टातून
सिनेमातल्या एका बाईंचा कुत्रा हरवला.
नाव मोमो. वजन अडीच किलो.
वाघानं खाल्ला असेल तर वाघ कोणता,
यावर स्टुडिओत सहा माणसं बसली,
त्यातले दोघे रडले.
वनखात्याच्या चार गाड्या, पोलीस, एक ड्रोन.
आणि नागपुराहून चॅनेलची मोठी व्हॅन,
छतावर डिश,
नकाशात पूल पाहून आमच्याच रस्त्यानं आली.

नकाशा खोटा नव्हता. फायलीवरूनच काढलेला.

व्हॅन नाल्यात दारापर्यंत बसली.
मुंबईची पोरगी टपावर चढली, माईक सोडला नाही.
"आमच्या टीमच्या जिवावर बेतलंय! थेट चिखलातून!"
चार तास चाललं ते थेट.
शेषराव काळमेघानं बैल जुंपले,
गावानं खांदा लावला,
"हव, हव, अजून थोडं, डावीकडून बे!"
निघाली एकदाची.
तोवर मोमो सापडला होता,
रिसॉर्टच्या भटारखान्यात, तूप-पोळी खाऊन झोपलेला.

पंधरा दिवसांनी पंचायतीत खर्च मंजूर झाला:
अडकलेले वाहन काढण्यासाठी क्रेन,
एक लाख चाळीस हजार.
शेषरावला एक बंडीभर ढेपही नाही भेटली.
आता तो नांगरताना बैलांना हाकतो,
"चाल रे क्रेन! वळ ना क्रेन!"

माझे अडीचशे मात्र आले.
त्या रात्री पानठेल्यावर सगळे टीव्हीपुढे उभे होते.
रविना ओरडली, "काका, थो पाहा! आमी!"
खरंच होती.
व्हॅनच्या मागे, चार सेकंद,
दप्तर डोक्यावर धरून.
फक्त गळ्यापासून खालची दिसत नव्हती,
ना पाणी दिसत होतं, ना नाला,
कारण तिथं पट्टी होती, लाल, सरकती,
मोमो सुखरूप, मोमो सुखरूप,
पुढे एका सिमेंटची जाहिरात.

या काठापासून त्या काठापर्यंत पोचलेली,
मधे कुठे खचलेली नाही.
इतक्या वर्षांत त्या नाल्यावर
पुरं झालेलं तेवढं एकच बांधकाम.