तारीचा खटला

पणजीच्या अभिलेखागारात शाईला मनाई आहे.
पेन्सिल चालते, तीही बोथट.
तीन पावसाळे मी तिथे बसलो
गावकरीच्या वह्यांत, वाळवीने ओळी खाल्लेल्या,
अर्धी मोडी, अर्धी पोर्तुगीज,
आणि दोहोंच्या मध्ये कुणीतरी झटकलेली तपकीर.

सोने शोधत नव्हतो. खोटे कशाला बोलू, शोधत होतो.
जावयाने कुवेतहून यंत्र पाठवले होते.
बाणावलीच्या वाळूत त्याने मला महिनाभर
बाटल्यांची बुचे, तंबूचे खिळे
आणि कुण्या रशियनाच्या खोलीची चावी दिली.
तेव्हा कळले, यंत्राला कान आहेत, आठवण नाही.
ती आपण घरून न्यायची.

अठराशे एक्क्याऐंशी, पान चौसष्ट:
शेट्याची सून, नाव लिहिलेले नाही,
तारीवर चढताना पायातले पैंजण गेले म्हणते.
पुनो तारी म्हणतो, पाण्यात पडले.
ती म्हणते, त्याच्या कनवटीला.
पुढची सुनावणी श्रावणात.
पुढचे पान नाही.

मग जुना नकाशा, मानशीचा लिलाव,
बांध फुटला त्या वर्षीचा खर्च, मीठ उतरवायची जागा.
कुशावती तेव्हा चिंचेला वळसा घालून जायची.
आता चिंच नाही, वळसाही नाही,
तिथे झेफेरीनचे वायंगण आहे.
तो म्हणाला, खण, पण भात कापल्यावर,
आणि खड्डा बुजव, म्हशीचा पाय मोडेल.
पुरातत्त्व खात्याचे उत्तर दुसऱ्या पत्राला आले, दोन ओळींचे:
वरवरची माती. सापडेल ते दाखवणे.

चार सकाळी. जाळ्याचे शिसे, ओंजळभर.
नांगराचा फाळ. सार्डिनचा डबा.
बांधावर कितेर माय बसायची भिंडांची सोलां वाळत घालून,
वय त्र्याण्णव, दात दोन.
पाचव्या दिवशी म्हणाली,
“तार हांगा नासली रे पुता. थंय, त्या कोनशाक.
ताका आमी पांयजणां म्हण्टात.
कित्याक तें म्हाका खबर ना.”

मी पेन्सिल खाली ठेवली.
कुठल्याच वहीत हा शब्द नव्हता.
पान जिथे फाटले तिथून पुढे
गाव तोंडाने लिहीत राहिले होते,
काय लिहितो आहोत हे विसरून.

पांयजणांत, दीड वितीवर, यंत्र हळूच कुरकुरले.
काळे, वाटाण्याएवढे. एक घुंगरू.
हलवले, मुके. आत सगळा नदीचा चिखल.
विहिरीवर धुतले, माडाच्या हिराने कोरले,
आणि ते, कसे सांगू, शिंकल्यासारखे वाजले.

त्या रात्री वहीत लिहिले: पुनो तारी निर्दोष.

सकाळी कितेर मायला दाखवले.
तिने झग्याला पुसले, कानाशी नेले.
“एक घागरी पडली,” ती म्हणाली,
“म्हूण सगलें पांयजण पडलें?”
आणि सोलांवरची माशी हाकलू लागली.

ओळ मी खोडली नाही. पेन्सिलीची आहे, राहू दे.
पुढे एक प्रश्नचिन्ह घातले.
घुंगरू डबीत घालून खात्याकडे दिले, पावती घेतली.
खड्डा बुजवला आहे.
झेफेरीनला विचारून ठेवले आहे,
पुढच्या कापणीचे.