किरकोळ दुरुस्त्या

पहिले तीन महिने कोणी एक शब्द लिहिला नाही.
शार्दूल म्हणाला, म्हणजे सगळं ठीक चाललंय.
मग एका दुपारी दापोलीच्या ऑफिसात,
जे खरं तर त्याच्या आत्याचं शिवणकामाचं दुकान आहे,
लक्षात आलं :
'आपले मत लिहा' हे आम्ही मराठीत लिहिलं होतं.
ज्याला ते वाचता येईल
त्याला आमचं ॲप कशाला लागेल?

म्हणून हर्णै.
एक वही, दोन पेनं,
लिलाव संपेपर्यंत ओल्या वाळूत उभी मी, चपला हातात.

टेकबहादूर घर्ती, खलाशी, दुसरा हंगाम.
त्यानं आम्हाला एक तारा दिला होता.
का, विचारलं तर फोनच पुढे केला.
काचेला तडा. तड्यापलीकडे बोट चालत नाही.
अलीकडे एकच तारा होता.
मी लिहिलं : बटणं डावीकडे घ्या, मोठी करा,
बोटांना खवले असतात.

मग त्यानं दाखवला आमचाच निरोप,
आठ दिवस खोल पाण्यात काढून
बंदराला लागता लागता आलेला :
'तुम्ही आम्हाला विसरलात! तुमची साखळी तुटली.'
खाली रडणारं कासव.
रेंज नव्हती, तो हिंदीत म्हणाला,
माफी मागितल्यासारखा.
मला त्या कासवाची लाज वाटली.

कोलबी सोलणारी डिलमाया :
तुमची बाई फार सावकाश बोलते.
इथं कोणी इतकं थांबत नाही.
'कृपया' तिनं बाजारात एकदा वापरून पाहिलं.
बाया अजून तिला कृपयाच म्हणतात.

पुढच्या आठवड्यात आवाज बदलला.
द्वारकाबाय दोरकुळकरनी उपड्या टोपलीवर बसून
चाळीस वाक्यं दिली, एकही दोनदा म्हणाली नाही.
'ऐकू नाय आलं तर कान धू.'
तेही ठेवलं.

वहीतली सगळ्यांत लहान नोंद मात्र
पुन्हा टेकबहादूरची. धडा चार, रस्ते आणि दिशा.
वाट, अनेकवचन वाटा.
चित्रात एक डोंगर, दोन पायवाटा.
त्यानं चित्राकडे बघितलं,
मग वाळूवर लावलेल्या बांगड्यांच्या ढिगांकडे.
वाटा तर हा, म्हणाला.
मग छातीवर बोट : आणि माझा?
ते कसं विचारायचं, ते धड्यात नाही.

मी या किनाऱ्यावर वाढले
आणि वाटा म्हटल्यावर
मला डोंगर सुचला.

मे संपत आला होता. बोटी वर ओढायचे,
खलाशांचे हिशोब करायचे दिवस.
मग गाडी, मग गोरखपूर, मग बस, मग पायी.
शार्दूलनं रात्रभर बसून नवा धडा चढवला :
माझा वाटा किती?
मागचे बाकी आहेत.
वहीत दाखवा.
मला मोजता येतं.
बरोबर उत्तराला इथं कासव नाचत नाही,
नुसती मान हलवतं.
आणि नव्या आवृत्तीखाली नेहमीची ओळ :
'किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.'

तीन जूनला पहिला लिहिलेला अभिप्राय आला,
व्याकरणाला धरून, चोगले नाखवांचा :
'एक तारा. पोरं फार बोलायला लागली.'
(त्यांची काच शाबूत आहे. मी चौकशी केली.)
काढून टाकू, शार्दूल म्हणाला.
मी म्हटलं, राहू दे, सगळ्यांत वर राहू दे.

टेकबहादूरला किती मिळाले, कळलं नाही.
डिलमाया म्हणते, गेला तेव्हा नवी चप्पल होती पायात,
त्यावरून काय ते समजा.
काल रात्री त्याच्या नावावर
कुठल्याशा डोंगरातून धडा चार उघडलेला दिसला.
जुनाच. रस्ते. दिशा.

साखळी तुटली, असंच दाखवत असणार त्याला.
ते अजून राहिलंय.