वढवाणा, डिसेंबर

डभोईच्या पुढे कळलं,
आईचा चष्मा बडोद्यातच राहिला, फ्रिजवर.
मग तळ्यातले शेकडो पट्टकादंब
मीच तिला सांगत राहिलो :
आता उडाले, आता बसले,
डोक्यामागे दोन काळ्या रेघा, दिसतायत?
ती हं म्हणायची,
मी शाळेतलं सांगताना
कणीक मळत म्हणायची, तसं.

टपरीमागच्या नळावर पाय धुवून
चप्पल घालता घालता थबकली.
"आत कुणीतरी बसलंय."

"देडको छे, बा," टपरीवाला हसला.

आई गुडघे धरून खाली बसली,
नाक टेकेल इतकी जवळ.
"गळा बघ कसा उडतोय त्याचा.
आणि डोळ्याला सोन्याची कड आहे रे,
अगदी बारीक."

हं, म्हटलं मी, बसकडे बघत.

बस गेली.
तो काही उठला नाही.
आईही.