जुना डबा

गुरुनाथ हुंदरेनं बांधलेली लायब्ररी.
आता गुरुनाथ नाही, सोर्सही नाही.
उरलीय एक बंद फाईल,
जुन्या लिनक्सवर मुकाट
कास्टिंगची मापं घेणारी.

उद्यमबागेत नवा विंडोज आला, तो म्हणतो
ही फाईल वैध नाही.
चिप तीच. खालचे शून्य-एक तेच.
हाक मारायची रीत तेवढी वेगळी.

सातेरी रात्री अकरापर्यंत
तिच्या नावाची शेपटी बदलून बघतो.
नाव बदलून काय होतंय, लेका?
आमच्या गावाच्या पाटीला विचार.

शेवटी इराप्पा जुना डबा
फडक्यानं पुसून कोपऱ्यात मांडतो,
दोघांत एक वायर ओढतो.
हा विचारेल, तो सांगेल.

“इरली बिडु,” म्हणतो,
“तीन चहा सांग. एक बिनसाखरेचा.”